मॅन पानातील चूक सापडली, तर ती नेमकी कोणाकडे आणि कशी कळवावी?

प्रयोगशाळा_सहायक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत काम करतो आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी लिनक्सच्या नेहमीच्या कमांडवर मराठीत टिपणे तयार करत आहे. प्रत्येक कमांडचे मॅन पान (‘मॅन’ या कमांडने टर्मिनलवर उघडणारे माहितीचे पान) वाचायचे, त्यातील उदाहरण टर्मिनलवर जसेच्या तसे चालवायचे आणि मगच ते टिपणांत घ्यायचे, अशी पद्धत ठेवल्यामुळे पानावर लिहिलेले आणि प्रत्यक्ष घडणारे जुळत नाही अशा काही जागा आढळल्या. आमच्या सर्व संगणकांवर डेबियन हे लिनक्सचे वितरण आहे.

पहिली जागा ‘फाइंड’ची. ‘-एमटाइम +१’ म्हणजे एका दिवसाहून आधी बदललेल्या फायली, असे पान वाचून वाटते. परंतु तीस तासांपूर्वी बदललेली फाइल त्या शोधात येत नाही. दुसरी जागा ‘टाइम’ची. ‘-व्ही’ हा पर्याय दिल्यास मेमरीच्या वापरासह सविस्तर आकडे मिळतात असे पान सांगते, पण टर्मिनलचे उत्तर येते की ‘-व्ही’ नावाची कमांडच सापडली नाही. तिसरी गोष्ट एका प्रकल्पाच्या संकेतस्थळावरील. तिथली कमांड कॉपी करून चिकटवली की चालत नाही आणि तीच हाताने टाइप केली की चालते. चौथी जागा प्रतिमांचा आकार बदलणाऱ्या एका लहान साधनाच्या मॅन पानावर आहे. तिथे शेवटच्या उदाहरणात वापरलेला पर्याय त्याच पानावरील पर्यायांच्या यादीत नाही आणि तो दिल्यास साधन ‘अनोळखी पर्याय’ असे सांगून थांबते.

या चारही जागा दुरुस्त व्हाव्यात असे मला वाटते, कारण विद्यार्थी अखेरीस मूळ पानाकडेच जाणार आहेत. माझ्या शंका अशा: हे डेबियनला कळवायचे की मूळ लेखकांना? एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना त्रास देणे योग्य आहे का? आणि माझे इंग्रजी कामापुरते आहे; तेवढ्यावर भागेल का?


जुना_प्रशासक

आपल्या चार जागांपैकी दोन ठिकाणी पान बरोबर आहे, असे माझे मत आहे, आणि आधी ते बाजूला काढू या, कारण चुकीची नसलेली गोष्ट चूक म्हणून कळवली की पुढच्या खऱ्या तक्रारीचेही वजन कमी होते.

‘फाइंड’ फाइलचे वय चोवीस तासांच्या पूर्ण तुकड्यांत मोजतो आणि उरलेला अपूर्णांक सोडून देतो. तीस तास म्हणजे सव्वा तुकडा, म्हणजे हिशोबात एक. आणि ‘+१’ला एकाहून जास्त हवे असते, त्यामुळे फाइल किमान दोन दिवस जुनी झाल्याशिवाय ती शोधात येणार नाही. हे पानावर स्पष्ट लिहिलेले आहे, मात्र ते ‘-एटाइम’ या पर्यायाखाली लिहिलेले असून ‘-एमटाइम’खाली फक्त ‘तिकडे पाहा’ एवढाच निर्देश आहे. बहुतेक माणसे ‘-एमटाइम’च शोधतात आणि तिथेच थांबतात. म्हणजे मजकूर अचूक, पण ठेवलेला चुकीच्या खोलीत. अशा वेळी ‘पान चुकले आहे’ असे न लिहिता ‘हे वाक्य इथेही असावे’ असे सुचवता येते, आणि तशी सूचना मला रास्त वाटते. तोवर टिपणांत ‘-एममिन +१४४०’ द्यावे. ते मिनिटांत मोजत असल्यामुळे तीस तासांची फाइल त्यात सापडेल.

‘टाइम’ची गोष्ट वेगळी आहे. बॅश या शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ‘टाइम’ हा शेलचाच राखीव शब्द आहे आणि त्याला ‘-व्ही’ कळत नाही, म्हणून तो ‘-व्ही’लाच चालवायची कमांड समजतो. आपण वाचलेले पान मात्र स्वतंत्र प्रोग्रामचे आहे. ‘टाइप -ए टाइम’ असे विचारल्यास शेल दोन्ही दाखवेल, अर्थात तो प्रोग्राम बसवलेला असेल तर. डेबियनच्या लहान मांडणीत तो नसतोही. पूर्ण मार्ग लिहून किंवा नावापुढे उलटी तिरकी रेघ देऊन तो चालवला की ‘-व्ही’ काम करतो. पानावरही हा इशारा आहे. ‘एको’, ‘टेस्ट’, ‘प्रिंटएफ’, ‘किल’ या सर्वांबाबत हीच गफलत होते: मॅन एकाचे पान दाखवतो आणि शेल दुसरेच चालवतो. बॅशच्या अंगभूत कमांडची माहिती ‘हेल्प’ या कमांडने मिळते.

तिसरा एक सापळा आपल्याला अजून भेटलेला नाही, पण विद्यार्थ्यांना भेटेल, तो आवृत्तीचा. जालावरील पान नव्या आवृत्तीचे असते आणि संगणकावर जुनी आवृत्ती असते. मॅकओएससोबत अनेक वर्षे फायली दोन ठिकाणी जुळवणाऱ्या ‘आरसिंक’ची २००६ मधील २.६.९ ही आवृत्ती येत असे. २०१३ च्या ३.१.० मध्ये आलेला एकूण प्रगती दाखवणारा ‘--इन्फो=प्रोग्रेस२’ हा पर्याय तिच्यावर चालत नसे आणि लोक दस्तऐवजाला दोष देत. म्हणून कोणतीही चूक कळवण्यापूर्वी आपल्याच संगणकावरील पान आणि आपल्याच संगणकावरील ‘--व्हर्जन’चे उत्तर समोर ठेवावे.


उगम_शोधक

वरील उत्तराशी सहमत आहे. आता खऱ्या चुकीबद्दल. माझ्या अनुभवानुसार दुरुस्तीचे अर्धे काम शब्द बदलण्याआधीच होते, आणि ते काम म्हणजे आपण वाचत असलेले वाक्य मुळात कोणत्या फाइलमध्ये लिहिलेले आहे हे शोधणे. आपल्याला दिसणारे पान बहुधा तयार माल असतो. दुरुस्ती तो जिथून तयार होतो तिथे करावी लागते.

‘मॅन -डब्ल्यू’ (अक्षर लहान) आणि कमांडचे नाव दिले की पानाची फाइल कळते, आणि तो मार्ग ‘डीपीकेजी -एस’ला (अक्षर मोठे) दिला की ती कोणत्या पॅकेजमधून आली तेही कळते. मग ती फाइल उघडून पहिल्या काही ओळी पाहाव्यात. उदाहरणार्थ, ‘एलएस’च्या पानाच्या आरंभी एक टिप्पणी आहे: ही फाइल बदलू नका, ती ‘हेल्पटूमॅन’ने तयार केलेली आहे. जीएनयू प्रकल्पाच्या कोअरयुटिल्स या मूलभूत कमांडच्या संचातील ‘एलएस’, ‘सीपी’, ‘सॉर्ट’ यांची मॅन पाने त्या त्या प्रोग्रामच्या ‘--हेल्प’ या उत्तरावरून आपोआप तयार होतात. म्हणजे ‘एलएस’च्या पानातील वाक्य बदलायचे, तर सी भाषेतील ‘एलएस’च्या स्रोत फाइलमध्ये मदतीचा मजकूर छापणारा भाग बदलावा लागतो. सविस्तर माहितीपुस्तिका पुन्हा वेगळी असते. ती टेक्सइन्फो या दस्तऐवजांच्या भाषेत लिहिलेली असून ‘इन्फो’ या कमांडने वाचता येते. एकच चूक दोन्हीकडे असू शकते आणि एकीकडे दुरुस्त झाली म्हणून दुसरीकडे आपोआप होत नाही.

कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये याच्या उलट गंमत आहे. तिथली पाने अ‍ॅस्किडॉक या साध्या खुणांच्या भाषेत लिहितात, आणि ‘डिफ’, ‘लॉग’, ‘शो’ यांना समान असलेल्या पर्यायांचा मजकूर एकाच फाइलमध्ये ठेवून तो त्या सर्व पानांत ओढून घेतात. ‘लॉग’चे पान वाचताना खटकलेले वाक्य आपण दुरुस्त करतो आणि ते ‘डिफ’च्या पानातही बदलते, तिथे ते खरे राहते का, हे पाहण्याची जबाबदारी दुरुस्ती करणाऱ्यावर येते. एखादे वाक्य एकाच कमांडपुरते खरे असेल, तर त्या फाइलमध्ये अटी घालून ते फक्त त्या पानापुरते दाखवण्याची सोय आहे. जालावरून माहिती आणणाऱ्या कर्ल या साधनाने तर प्रत्येक पर्यायासाठी एक स्वतंत्र फाइल ठेवली आहे आणि त्या शेकडो फायली जोडून त्याचे लांबलचक पान तयार होते. नवख्या माणसाला ही रचना सर्वांत सोपी पडते, असे मला वाटते, कारण पर्यायाचे नाव माहीत असले की फाइल सापडलीच.

लिनक्स मॅन-पेजेस नावाचा प्रकल्प आहे म्हणून सर्व मॅन पाने त्याचीच असतात, असा समज बराच रूढ आहे. तो प्रकल्प प्रामुख्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागातील, म्हणजे सिस्टिम कॉल आणि लायब्ररी फंक्शन यांची पाने सांभाळतो, शिवाय चौथ्या, पाचव्या व सातव्या विभागातील बरीच. पहिल्या विभागातील वापरकर्त्याच्या कमांडची पाने सहसा त्या त्या साधनासोबतच येतात. ‘एलएस’ची तक्रार मॅन-पेजेसकडे गेली तर तिथून ‘हे आमचे नाही’ एवढेच उत्तर मिळेल.

आपल्या चौथ्या जागेबद्दल: त्या पानाच्या अगदी तळाशी, लेखकाच्या नावाच्या भागात, ‘हे पान डेबियनसाठी लिहिले’ अशा अर्थाचे वाक्य आहे का, हे कृपया पाहावे.


प्रयोगशाळा_सहायक

आपण दोघांनी दिलेल्या माहितीबद्दल आभार. ‘टाइप -ए टाइम’ हे टिपणांच्या पहिल्याच प्रकरणात घेत आहे.

होय, त्या पानाच्या तळाशी ते डेबियन प्रकल्पासाठी लिहिले असून इतरांनाही वापरता येईल, असे म्हटले आहे. याचा अर्थ मूळ लेखकांचा त्या पानाशी संबंध नाही, असा घ्यावा का? शिवाय कॉपी करून न चालणाऱ्या कमांडचा उलगडा अजून झालेला नाही.


उगम_शोधक

अर्थ तोच घ्यावा. प्रत्येक प्रोग्रामला मॅन पान असावे आणि नसल्यास तो बग समजावा, असे डेबियनचे धोरण आहे. म्हणून मूळ साधनासोबत पान आले नाही की पॅकेज सांभाळणारी व्यक्ती ते स्वतः लिहिते. पुढे मूळ साधनातून एखादा पर्याय काढला जातो, पर्यायांची यादी कोणीतरी अद्ययावत करते आणि उदाहरण तसेच राहते. आपल्या बाबतीत बहुधा हेच झाले असावे. ही तक्रार डेबियनच्या बग नोंदवहीतच जायला हवी. ‘रिपोर्टबग’ ही कमांड पॅकेजचे नाव विचारते, आवृत्ती स्वतःच भरते आणि पाठवायचा मजकूर आपल्यासमोर उघडून देते. तीव्रता ‘मायनर’ ठेवावी आणि बदललेली ओळ जोडली असल्यास ‘पॅच’ (म्हणजे तयार बदल) ही खूणही लावावी. तसेच मूळ साधनाच्या नव्या आवृत्तीत त्यांचे स्वतःचे पान आले आहे का, तेही पाहावे. आले असेल, तर जुने पान दुरुस्त करण्याऐवजी ते काढून टाकण्याची सूचना अधिक उपयोगाची ठरेल.

आता कॉपीचा प्रश्न, जो मला या सगळ्यांत सर्वांत रंजक वाटतो. तिथले चिन्ह हायफनसारखे दिसते, पण शेलला हवे असलेले चिन्ह ते नाही. संकेतस्थळ तयार करणारी अनेक साधने मजकूर सुबक दिसावा म्हणून जोडून आलेल्या दोन हायफनची एक लांब रेघ करतात आणि सरळ अवतरणचिन्हे वळणदार करतात. गद्यात ते शोभते. ‘--हेल्प’मध्ये ते घात करते. खात्री करायची, तर चिकटवलेली ओळ ‘ओडी -टी एक्स१’मधून सोडावी. कीबोर्डवरचे चिन्ह ‘२डी’ असे एकाच बाइटचे दिसते, तर अशा रेघेचा एक प्रकार, एन डॅश, ‘ई२ ८० ९३’ असा तीन बाइटचा दिसतो. तो सापडला की शब्द बदलण्याची गरज नसते. मूळ मजकुरात ती कमांड कोड म्हणून खुणावलेली नसते, एवढीच चूक असते, आणि खूण घातली की रूपांतर थांबते.

मॅन पानांतही हाच घोळ आहे, आणि तो जुना आहे. मॅन पाने पडद्यासाठी मांडणाऱ्या ग्रॉफ या प्रोग्रामच्या भाषेत नुसते ‘-’ लिहिले तर त्याचा अर्थ शब्द जोडणारा हायफन, आणि त्यामागे उलटी तिरकी रेघ लावली तर कमांडमध्ये वापरायचे चिन्ह. बऱ्याच लेखकांनी हा भेद पाळला नाही आणि वर्षानुवर्षे काही बिघडलेही नाही, कारण पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतील अशी तजवीज मॅन पानांच्या मॅक्रोंतच, म्हणजे मांडणीच्या तयार सूचनांतच, होती. जुलै २०२३ मधील ग्रॉफ १.२३.० मध्ये ती तजवीज काढली गेली, तेव्हा अशा पानांतील पर्याय यूटीएफ-८ टर्मिनलवर ‘ई२ ८० ९०’ या खऱ्या हायफनने दिसू लागले. त्यांची कॉपी चालेना, आणि पान वाचताना ‘-आर’ असा शोध घेतला तर तोही सापडेना. डेबियनने आणि काही इतर वितरणांनी आपल्या पातळीवर जुनी वागणूक परत आणली, त्यामुळे आपल्या प्रयोगशाळेत हा दोष दिसणार नाही. पण स्रोतातील चूक तशीच आहे आणि दुसऱ्या वितरणावरच्या वाचकाला ती भोवते. एखाद्या लहान प्रकल्पाला पहिली दुरुस्ती म्हणून हीच पाठवावी, असे मी सुचवेन: वाद होण्यासारखे तिच्यात काही नसते.


ओळनिहाय

पाठवण्याच्या रीतीबद्दल आणि इंग्रजीबद्दल थोडे लिहितो.

चांगल्या तक्रारीत वाक्ये कमी आणि पुरावा जास्त असतो. पानावरचे वाक्य जसेच्या तसे, आपण चालवलेली कमांड, तिचे संपूर्ण उत्तर, आवृत्ती आणि सुचवलेले वाक्य, एवढे दिले की कामापुरते इंग्रजी पुरून उरते. संगणकाची भाषा मराठी किंवा हिंदी ठेवली असेल, तर कमांडपूर्वी ‘एलसी_ऑल=सी’ लिहावे, म्हणजे त्रुटींचे संदेश इंग्रजीत येतील आणि सांभाळणाऱ्याला ते आपल्या स्रोतात शोधता येतील. याउलट चूक फक्त भाषांतरित संदेशात असेल, तर ती भाषांतर करणाऱ्या गटाकडे जाते. मूळ लेखकांकडे तिचे काहीच होत नाही.

पान आणि प्रोग्राम यांत विसंगती दिसली, तर चूक पानाचीच आहे असे गृहीत धरू नये. कधी पान बरोबर असते आणि प्रोग्राम त्यापासून ढळलेला असतो. तक्रारीत ‘दोन्ही जुळत नाहीत, कोणते अभिप्रेत आहे?’ असे विचारणे सुरक्षित असते. युनिक्ससारख्या प्रणालींच्या ‘पॉझिक्स’ मानकात त्या कमांडबद्दल काही ठरलेले असेल, तर त्याचा दाखला द्यावा. हा प्रश्न मॅन पानांइतकाच जुना आहे: ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेतच कमांडच्या ज्ञात उणिवा लिहिण्यासाठी ‘बग्ज’ हा भाग होता. आजही कित्येकदा दुरुस्ती म्हणून त्या भागात एक वाक्य वाढवले जाते, प्रोग्राम बदलला जात नाही, कारण त्या वागणुकीवर असंख्य स्क्रिप्ट विसंबून असतात.

पॅच पाठवत असाल, तर बदललेल्या वाक्यापुरताच बदल ठेवा. एक शब्द बदलल्यावर पूर्ण परिच्छेदाच्या ओळी नव्याने जुळवण्याचा मोह होतो आणि मग तपासणाऱ्याला दहा ओळी बदललेल्या दिसतात. हे टाळण्यासाठीच मॅन-पेजेस प्रकल्पात प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करण्याचा दंडक आहे. गिटच्या मेलिंग लिस्टवर पाठवताना ईमेल साध्या मजकुरात असावी, कारण एचटीएमएल ईमेल तो सर्व्हर स्वीकारत नाही. बदलाच्या वर्णनाचा सूर ‘दुरुस्त कर’ असा आज्ञार्थी ठेवतात आणि शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची, म्हणजे पाठवणाऱ्याच्या सहीची, ओळ लागते. ईमेलचा हा सोपस्कार जड वाटल्यास ‘गिटगिटगॅजेट’ आहे. त्यात गिटहबवर नेहमीसारखी पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) उघडून तिच्याखाली ‘/सबमिट’ अशी टिप्पणी लिहिली की ती लिस्टवर पॅच म्हणून पोहोचते.

‘त्रास देणे योग्य का’ याचे उत्तर चुकीच्या प्रकारावर अवलंबून आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये, मुक्त प्रकल्पांत योगदान देणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात, टी-शर्टच्या आशेने हजारो प्रकल्पांवर निरर्थक पुल रिक्वेस्ट येऊन पडल्या आणि त्यांत दस्तऐवजात एखादे विशेषण घुसडण्याचे प्रकार पुष्कळ होते. शेवटी हॅक्टोबरफेस्टच्या आयोजकांना ज्या प्रकल्पांची संमती आहे तेच मोजायचे, असा नियम त्याच महिन्यात करावा लागला. आपल्याकडील विद्यार्थीही त्यात होते, हे नमूद करायला हवे. तेव्हापासून दस्तऐवजातील किरकोळ बदलाकडे काही ठिकाणी साशंकतेने पाहिले जाते. सांभाळणारे हातही थोडे आहेत: मॅन-पेजेसच्या देखभालकर्त्याने सप्टेंबर २०२४ मध्ये आर्थिक पाठबळाअभावी काम थांबवत असल्याचे जाहीर केले होते, आणि पाठबळ मिळाल्यावरच ते पुन्हा सुरू झाले. त्यामुळे निव्वळ स्वल्पविरामासाठी मी कोणाला लिहिणार नाही.


जुना_प्रशासक

शेवटच्या वाक्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. स्वल्पविराम सोडला तरी चालेल, पण दस्तऐवजात ‘किरकोळ’ दिसणाऱ्या काही जागा मुळीच किरकोळ नसतात, आणि नवख्या माणसाला हा फरक सांगितला नाही तर तो खरी चूकही संकोचाने गिळेल. डीफॉल्ट मूल्य, मोजण्याचे एकक, आणि कमांड संपताना शेलला परत देते तो क्रमांक, या तीन ठिकाणचे एक अक्षरही महत्त्वाचे असते. डिस्कवर थेट लिहू शकणाऱ्या ‘डीडी’मध्ये ‘एम’ म्हणजे १०२४ गुणिले १०२४ बाइट आणि ‘एमबी’ म्हणजे १००० गुणिले १०००. पानावर यांची अदलाबदल झाली तर डिस्कवर चुकीच्या जागेपासून लिहिले जाऊ शकते. मजकूर शोधणारा ‘ग्रेप’ सापडल्यास ०, न सापडल्यास १ आणि अडचण आल्यास २ देतो. १ आणि २ यांत गफलत करणारे पान वाचून लिहिलेली बॅकअपची स्क्रिप्ट फाइल वाचताच आली नाही तरी ‘काही सापडले नाही’ असे समजून पुढे जाईल. अशी एका अक्षराची दुरुस्ती आढळली, तर ती त्याच दिवशी पाठवावी आणि तिचा परिणाम दोन वाक्यांत लिहावा.


प्रयोगशाळा_सहायक

चौथ्या जागेची तक्रार ‘रिपोर्टबग’ने पाठवली असून संकेतस्थळाच्या प्रकल्पाला कोडच्या खुणेबद्दल कळवले आहे. ‘फाइंड’च्या पानात ‘-एमटाइम’खाली एक वाक्य वाढवण्याची सूचना करायची आहे. ते पानही ‘--हेल्प’वरून तयार होते का?


उगम_शोधक

नाही. ‘फाइंड’ हा फाइंडयुटिल्समध्ये येतो, कोअरयुटिल्समध्ये नव्हे, आणि त्याचे मॅन पान हाताने लिहिलेले आहे. त्यामुळे बदल थेट त्याच फाइलमध्ये करता येईल. सविस्तर पुस्तिका मात्र टेक्सइन्फोमध्ये वेगळी असल्यामुळे तिथला ‘-एमटाइम’चा परिच्छेदही वाचून घ्यावा. बग जीएनयूच्या सव्हाना या संकेतस्थळावरील नोंदवहीत घेतात. जीएनयूच्या काही प्रकल्पांत मोठ्या बदलासाठी स्वामित्वहक्क हस्तांतरणाचे कागद मागतात, पण सुमारे पंधरा ओळींच्या आतील बदलाला ते सहसा लागत नाहीत, म्हणून आपल्या एका वाक्याला ती अडचण येऊ नये. ‘फाइंड --व्हर्जन’ची पहिली ओळ सोबत जोडावी. डेबियनवरील आवृत्ती मूळ प्रकल्पाच्या स्रोत-भांडाराच्या मागे असू शकते, तेव्हा पाठवण्यापूर्वी भांडारातील आजचे पान एकदा उघडून पाहावे. ती जागा तिथे आधीच बदललेली असू शकते.